हिरव्या पट्टीची माणसे

हिरवी पट्टी प्रथम कोणाच्या डोक्यातून निघाली यावर पुढे बरीच हमरीतुमरी झाली. पण ती निघाली तेव्हा तिच्यात काडीचेही पाप नव्हते, एवढे मान्य करावे लागेल. चक्रीवादळ समुद्राकडून आत घुसले, अर्ध्या गावाची छपरे त्याने उडवली, रस्त्यांवर झाडांचा खच पाडला, विजेचे खांब काड्यांसारखे मोडले आणि ते पुढे निघून गेले. मागे राहिले ते निस्तरणारे: अग्निशमनवाले, तारवाले, झाडे तोडणारे, चिखलातून माणसे आणि फुगलेली जनावरे ओढून काढणारे. जगाचे पाहणाऱ्या या माणसांचे कोणी पाहायचे, म्हणून शहरातून स्वयंसेवकांचे एक आधार पथक आले आणि गावच्या शाळेत उतरले.

ती त्या शाळेची शिपाई. वर्गांच्या किल्ल्या तिच्याकडे असत. दार उघडून द्यायला म्हणून गेली ती तिथेच राहिली. तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा नवरा झाडतोड टोळीचा मुकादम, धाकटा दीर त्याच टोळीत दोरावरून झाडावर चढणारा, त्यामुळे कामावरच्या निम्म्या पुरुषांची ती खरोखरच वहिनी लागत होती. पथकाच्या प्रमुखांना ताई म्हणत. त्या आयुष्यभर इस्पितळात परिचारिका म्हणून राबून निवृत्त झालेल्या. त्यांनी तिला एका सकाळीच काम शिकवले. दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या नाहीत. दोन्हींची तोंडे खिडकीकडे ठेवायची, म्हणजे ज्याला रडायचे आहे त्याला डोळे न्यायला जागा राहते. खोदून विचारायचे नाही. शहाणपण शिकवायचे नाही. आपल्या घरच्या माणसासोबत आपण बसायचे नाही. आणि या खोलीत ऐकलेले या खोलीच्या उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही.

पट्टीचे मूळ याच खोलीत. एकाच माणसाला दोन-दोन स्वयंसेवकांनी गाठून पुन्हा पुन्हा बसवू नये, एवढ्या साध्या सोयीसाठी, जो बसून गेला त्याच्या हेल्मेटला ओळखीची खूण म्हणून कापडाची हिरवी पट्टी बांधायची असे ठरले. शाळेच्या रंगमंचाचा जुना पडदा भिजून कुजत पडला होता. त्याच्याच पट्ट्या तिने फाडल्या. साहेबांनी त्या पाहिल्या. मदतकार्याची सगळी सूत्रे या साहेबांकडे होती, आणि सूत्रे हाती असलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचा उपयोग सुचतो. ज्याच्या हेल्मेटला पट्टी त्याचे मन ठिकाणावर, ज्याचे मन ठिकाणावर तो कामाला योग्य, आणि जो योग्य त्याने थांबण्याचे कारण काय? दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला की पट्टी असल्याशिवाय कोणी कामावर उभे राहायचे नाही. त्या हुकमाने खोलीचा अर्थच उलटा झाला. माणसे मन मोकळे करायला येईनाशी झाली. पट्टी न्यायला येऊ लागली.

टोळीतला पोपट आला तो हेल्मेट पुढे करूनच.

"बांधा, वहिनी."

"आधी बसा तरी."

"बसतो की. बसल्याशिवाय कुठे सुटका आहे." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "काय बोलायचं असतं?"

"वाटेल ते बोला. नाही वाटलं तर गप्प बसा."

"मला गप्प बसायला सांगता? गावाने काय उगाच पोपट नाव ठेवलं?" मग तो आपल्या कोंबड्यांविषयी बोलू लागला. खुराड्यासकट उडाल्या आणि नेमक्या सासुरवाडीच्या दिशेने गेल्या. बायको म्हणते, माहेरी काहीतरी पोचलं म्हणायचं. ती हसली, तोही हसला. आणि आवाजात तसूभर फरक न करता तो म्हणाला, "त्या बांधावरच्या घरातल्या म्हाताऱ्याला मी काढलं ना, त्याचा हात गरम होता."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"गरम होता, वहिनी. म्हणजे थोडं आधी पोचलो असतो तर. वाटेत झाड पडलं होतं, ते कापून जायचं होतं. मी म्हटलं, आधी दोन घास खाऊन घेऊ. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. मीच म्हटलं. पानात वाढलेलं मी सगळं खाल्लं. पुन्हा मागून घेतलं."

तो गुडघ्यावरच्या हेल्मेटची कड नखाने खरवडू लागला. ती वाट पाहत होती, कारण अशा वेळी वाट पाहणे एवढेच तिला शिकवले होते; पण बाहेर साहेबांच्या जीपचा भोंगा वाजला, एकदा, दोनदा, आणि पोपटाने तळहाताने नाक पुसून हेल्मेट पुढे केले. "बांधा लवकर. गाडी सुटेल."

तिने बांधली. फोड फोडून, पू अर्धा काढून, त्यावर फडके गुंडाळून माणूस उन्हात पाठवावा तसे तिला वाटले. तिची बोटे गाठ मारत होती आणि दातांवर दात बसले होते.

तिच्या घराच्या मागच्या अर्ध्या भागावर ताडपत्री होती. सासू पुढच्या खोलीत खाटेवर बसून ओले धान्य निवडत असे आणि निवडता निवडता वाऱ्याला शिव्या घालत असे. दिवस कलताना दोघे भाऊ परतले. धाकटा आल्या आल्या पाण्याच्या पिंपावर वाकला, त्याने डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतला. थोरला ओट्यावर टेकला आणि सदऱ्याची बटणे काढू लागला, तीही डाव्या हाताने. एका बटणापाशी तो अडला, मग त्याने सदरा तसाच डोक्यावरून ओढून काढला.

"उजव्या हाताला काय झालंय?" तिने विचारले.

"झोपलाय."

"हात झोपलाय म्हणजे काय?"

"मशीनची करवत दिवसभर धरली की मुंग्या येतात. सगळ्यांनाच येतात. जातील."

"दमलाय तो," सासू आतून म्हणाली. "बैलसुद्धा दमतो. आल्या आल्या त्याच्यामागे भुणभुण लावू नकोस."

धाकटा केस झटकत आला. "वहिनी, आता दादाने मशीनच सोडलंय. पोपटाला दिलं. आता माझा दोर दादा धरतो." त्याच्या आवाजात लहान भावाचा सगळा अभिमान होता. "म्हणाला, तू वर असलास की दुसऱ्याच्या हातात दोर बघवत नाही मला."

ती ताटे मांडत होती. तिचा हात ताटावरच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिले. तो ओट्याच्या कडेकडे पाहत होता. बोटांत जोर उरला नाही म्हणून मशीनचा खटका दाबता येईना. खटका दाबता येईना म्हणून त्याने मशीन सोडले. मशीन सोडले तर टोळीत मान जाईल, म्हणून त्यातल्या त्यात सोपे दिसणारे काम घेतले, आणि त्या कामाला भावाच्या मायेचे नाव दिले. असली लबाडी परक्याशी करता येत नाही. ती घरच्याच माणसाशी साधते, कारण घरचा माणूस तपासून पाहत नाही.

सकाळी तिने पिंपात भिजवलेली जाड चादर बाहेर काढली आणि त्याला हाक मारली. "जरा एक टोक धरा. पिळायची आहे."

त्याने टोक धरले. तिने आपल्या बाजूने पीळ घातला. चादर आवळत आवळत मध्यापर्यंत आली, पाणी निथळू लागले, आणि मग त्याच्या मुठीतले टोक मुठीतल्या मुठीत गरकन फिरले. सगळा पीळ क्षणात सुटला. चादर चिखलात पडली.



"साहेबांना सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू? बायकोची चादर पिळता आली नाही म्हणून?"

"भाऊजी वर असतात. खाली तुम्ही असता."

"दोराला बुंध्याभोवती दोन वेढे असतात. भार झाड घेतं. शेपूट नुसतं धरायचं असतं."

"ते धरता येतं?"

"मी बाजूला झालो तर कोण धरणार? तो पोपट? बोलता बोलता तो दोर सोडून दोन्ही हातांनी गोष्ट सांगेल." त्याने चादर डाव्या हाताने उचलली, उजवा नुसता खाली लावला. "इस्पितळाचा रस्ता अजून बंद आहे. वरून साहेबांना शिव्या, साहेबांच्या आम्हाला. अशात मुकादम म्हणून मी जाऊन सांगू की माझा हात झोपलाय?"

"मग मी सांगते."

"तू माझ्या कामात तोंड घालायचं नाही." तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरे झाले असते. "आणि मला पट्टी मिळालेली आहे. तुझ्याच ताईंनी बांधलीय."

ताई शाळेच्या व्हरांड्यात चहा घेत होत्या. ती समोर जाऊन उभीच राहिली.

"ताई, माझा नवरा तुमच्यासोबत बसला होता."

"हो."

"हाताचं बोलला?"

ताईंनी कप खाली ठेवला. "तुला माहीत आहे, मी सांगू शकत नाही."

"म्हणजे बोलला."

"मी काहीही म्हटलेलं नाही."

"बोलला नसता तर तुम्ही सरळ नाही म्हणाला असता."

"हे बघ," ताई म्हणाल्या, "तू रागावली आहेस, रागाव. पण माझं ऐकून घे. आमच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरने एका मित्राजवळ मन मोकळं केलं होतं. मित्राने चांगल्या हेतूने ते वर पोचवलं. त्यानंतर तिथे कोणी कोणाजवळ तोंड उघडलं नाही, आणि पुढे ज्याच्यावर तशी वेळ आली त्याने तोंड न उघडताच जीव दिला. इथे माणसं बोलतात ती या भिंतींना कान नाहीत म्हणून."

"भिंतीला कान नाहीत, ठीक. दोराला हात नाही, त्याचं काय?"

"मी त्याला म्हटलं आहे, तू स्वतः साहेबांना सांग. त्याने मान हलवली." आणि बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आले की नियम आत्ता त्यांच्याच तोंडून मोडला. त्यांनी कप पुन्हा उचलला. त्यात चहा उरला नव्हता.

"ताई, लग्न झाल्यापासून मी त्यांची हललेली मान बघतेय. मान हलते आणि माणूस जागचा हलत नाही. तुम्ही पट्टी का बांधलीत?"

"बसला म्हणून."

"साहेब ती कशासाठी बघतात, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"मी त्यांच्याशी बोलले. म्हटलं, आमच्या खुणेचा असा अर्थ लावू नका."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, फार उत्तम कल्पना आहे तुमची. आभार मानले."

ती पायऱ्या उतरून निघाली. मागून ताईंनी हाक मारली, पण हाकेत थांबवण्याचा जोर नव्हता. ताईंचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच तिला त्याचा अधिक संताप आला. खोट्याला उलटून बोलता येते. जे खरे असूनही माणूस मारते त्याला काय बोलायचे?

इस्पितळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुने, भले थोरले झाड मुळासकट कलंडून शेजारच्या झाडावर रेललेले होते. पडलेले झाड परवडले, रेललेले नको, असे टोळीत म्हणत. कारण ते कोणत्या क्षणी आणि कोणत्या अंगाने येईल ते सांगता येत नाही. ती पोचली तेव्हा धाकटा वर होता. कमरेच्या पट्ट्याला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून खाली येत होता, रस्त्याकडेच्या ठोकळ्यासारख्या बुंध्याला वेढे घेत होता आणि तिथून थोरल्याच्या हातात जात होता. रस्त्यापलीकडे जीप उभी. साहेब बॉनेटला टेकून फोनवर कोणाला तरी दुपारची वेळ कबूल करत होते. पोपट आणि बाकीचे तोडलेल्या फांद्या ओढत होते.

तिला ओरडायचे होते. तिने ओरडणे गिळले. वरचा माणूस दचकला तर काय होते ते टोळीच्या घरात राहून तिला माहीत होते. ती पदर खोचून चिखलातून चालत नवऱ्याच्या मागे गेली आणि काही न बोलता तिने दोराचे शेपूट दोन्ही हातांत घेतले.

"जा घरी," तो मान न वळवता पुटपुटला.

"वर बघा."

वर धाकट्याचे मशीन सुरू झाले. भुसा उन्हात उडू लागला. एक फांदी करकरली, तुटली, धाडकन खाली आली, आणि तिच्या हिसक्याने धाकट्याचा पाय निसटला. तो फार नाही, हातभर घसरला असेल. दोर ताणला गेला, वेढे बुंध्यावर करकचून सरकले, आणि त्या क्षणी तिला कळले की पुढच्या मुठीत काहीही नाही. नवऱ्याचा हात दोरावर होता, एखाद्याने खांद्यावर नुसता ठेवावा तसा. दोर त्याखालून धावत आला आणि तिच्या तळहातांतून जाळत निघाला. तिने टाचा रोवल्या. कातडी सोलली, पण तिने मूठ उघडली नाही. दोर थांबला.

"दादा, ठीक आहे!" वरून धाकटा ओरडला. "धरलास रे बरोबर."

थोरल्याची मान खाली होती आणि मानेवरून घाम ओघळत होता.

"उतरायला सांगा त्याला," ती म्हणाली. "मी धरलाय."

तो सांगेना. मग तिनेच हाक मारली, नेहमी जेवायला बोलावते त्या सुरात. "भाऊजी, खाली या जरा."

धाकटा उतरला. जमिनीला पाय लागेपर्यंत तिने दोर सैल सोडला तो वीत-वीत करून, आणि मगच हात उघडले. दोन्ही तळव्यांवर लाल पन्हळी पडल्या होत्या. तोवर साहेब रस्ता ओलांडून आले होते.

"बाईला दोराला हात कोणी लावू दिला?"

"कोणीतरी लावायला हवा होता," ती म्हणाली. "यांचा हात गेलाय, साहेब. बोटांत जोर नाही. दोर यांच्या मुठीतून पाण्यासारखा जातोय."

"मुकादम, खरं आहे हे?"

नवऱ्याने हेल्मेटला हात लावला. "साहेब, मला पट्टी आहे."

ते ऐकून तिचे डोके सणकले. तिने पुढे होऊन त्याच्या हेल्मेटची गाठ सोडली. ओढून घट्ट झालेली गाठ सोलल्या बोटांनी सुटेना तेव्हा तिने दातांनी सोडली आणि पट्टी साहेबांपुढे धरली. "ही घ्या. आम्ही फक्त माणूस बसला म्हणून बांधतो. त्याचा हात धड आहे, पाय धड आहे, रात्री झोप लागली, असं आम्ही कधी म्हटलं?"

"बाई, पट्टी बांधायची पद्धत आहे. काढायची पद्धत नाही."

"का नाही?"

"कारण उद्या प्रत्येकाची बायको इथे येऊन काढेल."

"काढू दे की. मग कळेल तुम्हाला, कोण कशावर उभं आहे."

"पलीकडे इस्पितळ आहे. तिथे माणसं अडकली आहेत. हे बोलायला वेळ कोणाला आहे? तुमच्या पथकाने आधी माणसं पाठवायची आणि नंतर तुम्हीच रडायचं, हा काय खेळ आहे?"

धाकटा इतका वेळ पट्टा न सोडता ऐकत होता. तो भावासमोर येऊन उभा राहिला. त्याने आपला उजवा हात पुढे केला.

"दादा, दाब."

थोरल्याने उजवा हात पाठीमागे नेला.

"दाब म्हणतो ना. जीव खाऊन दाब."

थोरल्याने हात दिला. त्याने दाबला असावा, कारण त्याच्या कपाळाची शीर फुगली, जबडा आवळला, खांदा पुढे आला. धाकट्याचा चेहरा मात्र बदलला नाही. जे यायला हवे होते ते त्याच्या हातापर्यंत पोचलेच नाही. पोपटाने फांदी खाली ठेवली. एवढ्या पुरुषांसमोर एका पुरुषाचा हात दुसऱ्याच्या हातात लहान मुलाच्या हातासारखा पडून होता, आणि तो मागे घेण्याचीही ताकद जणू त्याच्यात उरली नव्हती.

"किती दिवस, दादा?"

धाकट्याने हात सोडला, कमरेचा पट्टा सोडला, तो दोरावर टाकला आणि रस्त्याच्या कडेला चिखलातच मटकन बसला. मग पोपट त्याच्याशेजारी जाऊन बसला. त्याच्यामागून एकेकाने हातातले खाली ठेवले. साहेब ओरडले, मग समजावू लागले, मग पुन्हा फोन लावायला जीपकडे गेले. झाड रेललेलेच राहिले.

परतताना तो तिच्या पुढे चालत होता. वाटेत एकदाच थांबला. "माझी अब्रू चारचौघांत वाळत घातलीस," म्हणाला, आणि पुन्हा चालू लागला.

"भावाचं मढं वाळत घालण्यापेक्षा बरं," ती म्हणाली. त्याला ऐकू गेले की नाही, तिने पाहिले नाही.

घरी सासूने तिच्या हातांना तेल लावले, आणि तेल लावता लावताच बोलली. "माझा पोरगा वाचवलास, मान्य. पण दुसऱ्या पोराला मारून. बाईच्या जातीने नवऱ्याचं उणं उंबऱ्याच्या आत ठेवावं."

"आत ठेवलं तर ऐकलं कोणी, आई? तुम्हीच म्हणालात, दमलाय."

सासूने तेलाची वाटी सरकवली आणि ती धान्य निवडू लागली. बराच वेळ तिने वाऱ्याला एकही शिवी दिली नाही.

दुपारी पोपट दारावरून गेला. आत न येता कुंपणापाशी थांबला. नेहमीचा तो नव्हताच. "वहिनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचं... मी जेवलो ते... कोणाला सांगितलं नाहीत ना?"

"नाही हो."

"नाही, म्हटलं विचारावं. आज तुम्ही जे केलंत ते ठीकच केलंत. पण विचारावं म्हटलं." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, विश्वास ठेवायला जागा शोधावी तसे, आणि तो निघून गेला. ताईंचे म्हणणे कुठे खरे होते ते तिला तेव्हा दिसले. त्याने राग कमी झाला नाही. खोलीचा भरवसा मोडल्याची लाज तिच्या वाट्याला आली, आणि ज्यांनी तो मोडायची वेळ आणली ते जीपमध्ये बसून होते.

संध्याकाळच्या आत ताई आल्या. ओट्यावर बसल्या. "किल्ल्या तुझ्याकडेच राहू देत. दार उघडत जा. पण खुर्चीवर मात्र आता बसू नकोस."

"मी चुकले?"

"तसं मी म्हणत नाही. पण आता तुझ्यासमोर कोणी तोंड उघडणार नाही, आणि न बोलणारा माणूस तुझ्यासमोर बसवून त्याला पट्टी बांधणं मला जमणार नाही."

"पट्टी बंद करा ना मग."

"आज बंद केली. साहेबांना कळवलंय." ताई थोरल्याकडे वळल्या. त्यांनी त्याचा हात न विचारता हातात घेतला, मनगट दाबले, एकेक बोट टोचून पाहिले. "हे असंच ठेवलं तर कायमचं राहील. उद्याच्या उद्या इस्पितळात जा."

तो हसला. कित्येक दिवसांत तो पहिल्यांदा हसत होता, आणि ते ऐकायला चांगले नव्हते. "कसा जाऊ, ताई? रस्त्यात झाड आडवं आहे. ते कापायला माणसं नाहीत. माझ्या बायकोने घरी बसवलीत."



दुसऱ्या दिवशी ती शाळेचे दार उघडायला निघाली तेव्हा तिठ्यावर एक अनोळखी ट्रक उभा होता. त्यातून नवी टोळी उतरत होती. दूरच्या कुठल्या तरी भागातून, दुसरे कुठले तरी काम अर्धे टाकून आणलेली. माणसे रस्त्यावर पाय टेकताना तोल सावरत होती. एकाने चाकाला पाठ लावली आणि उभ्या उभ्या डोळे मिटले. प्रत्येकाच्या हेल्मेटला हिरवी पट्टी होती. तिने जवळ जाऊन पाहिले. पडद्याचे कापड नव्हते ते. दुकानातून आणलेली नवी, चकचकीत फीत होती, सारख्या मापाने कापलेली, आणि साहेबांचा ड्रायव्हर शेवटच्या दोघांच्या हेल्मेटला ती बांधत होता. उरलेले भेंडोळे त्याच्या खिशातून बाहेर डोकावत होते.

"यांच्यासोबत कोण बसलं?" तिने विचारले.

"म्हणजे?" ड्रायव्हर म्हणाला. "कोण कशाला बसेल? साहेबांनी बांधायला सांगितलंय."

तिचा आवाज चढला नाही. ती ट्रकला वळसा घालून डोळे मिटलेल्या माणसापाशी गेली. त्याच्या खांद्यावर दोराचे वेटोळे होते.

"भाऊ, हात दाखवा."

त्याने डोळे उघडले. दाढीत भुसा अडकलेला, ओठ फुटलेले. त्याने तिच्या फडके बांधलेल्या तळव्यांकडे पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, "आली बघ ज्योतिषीण." शेजारचा हसला. "बघा बाई. लग्नाचा योग असला तर सांगा. याची पहिली पळून गेलीय."

"दाबा," ती म्हणाली.

"काय?"

"माझा हात दाबा. सगळा जोर लावून."

जीपचा दरवाजा उघडल्याचा आवाज मागे आला, आणि साहेबांनी तिला हाक मारली. दोरवाल्याला वाटले थट्टा आहे. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि थट्टा सोडून दिली. त्याने तिच्या हाताभोवती बोटे मिटली. त्याचा जबडा आवळला. खांदा पुढे आला. फडक्याखाली सोललेल्या कातडीलासुद्धा दुखले नाही, इतका तो दाब हलका होता.

त्याने मान खाली घातली. हात काढून घेऊ लागला.

साहेब येऊन मागे उभे राहिले होते. "बाई, सोडा त्याला. बाजूला व्हा."

ती बाजूला झाली नाही. तो हात तिने दोन्ही हातांत धरला, काल दोर धरला होता तसाच, आणि तिने टाचा रोवल्या.